जाड तारांचा स्टेंट की पातळ तारांचा?

स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी उघडी ठेवायला आत बसवलेली तारांची जाळी. स्टेनलेस स्टीलच्या अनेक जुन्या स्टेंटची तार साधारण 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असायची. आजच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या अनेक स्टेंटची 80च्या आसपास, म्हणजे जवळजवळ केसाएवढी. डोळ्यांना हा फरक जाणवणारही नाही, पण रक्ताला जाणवतो.

ओढ्यात दगडामागे पाणी घुटमळतं, पालापाचोळा तिथेच साठतो. जाड तारेमागे रक्ताचं तसंच होतं. छोटे भोवरे होतात, धमनीच्या भिंतीला वाहत्या रक्ताचं घर्षण कमी मिळतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स रेंगाळतात आणि तारेवर पेशींचं अस्तर चढायला वेळ लागतो. पातळ तार लवकर झाकली जाते. 2001च्या आयसार-स्टिरिओ चाचणीत, औषधाचा लेप नसलेल्या स्टेंटपैकी 50 मायक्रॉनच्या स्टेंटमध्ये 15 टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली, 140च्यात 25.8 टक्के. दोन्हींची घडण जवळपास सारखीच होती, म्हणून हे आकडे मला फार मोलाचे वाटतात.

भिंतीवरच्या ताणाचं गणित वेगळं. ताठ स्टेंट वळणदार धमनीला सरळ करू पाहतो आणि दोन्ही टोकांशी ताण एकवटतो. लवचिक स्टेंट वळणासोबत वळतो. पण कॅल्शियमने दगड झालेल्या धमनीत अशी नाजूक जाळी दबू शकते. तिथे मी ताकदीलाच झुकतं माप देईन.