लव्हाळा-हरळीवर माती खोदायचा चार दातांचा फोर्क आणि पारदर्शक प्लास्टिक : इंदूरच्या काळ्या मातीत ९ महिने वापरल्यावर

वापर मार्च ते नोव्हेंबर. जागा घरामागचा १० बाय २० फुटांचा वाफा, शिवाय शेताच्या बांधालगतची पट्टी. तण मुख्यतः दोन : मोथा म्हणजे आपला लव्हाळा, आणि दूब म्हणजे हरळी.

आधी खुरप्याबद्दल, कारण बहुतेकांचं नुकसान तिथंच होतं. लव्हाळ्याच्या गाठी मातीखाली तारेसारख्या बारीक खोडांनी माळेत ओवलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत टोकाची गाठ फुटते आणि मागच्या झोपून राहतात. खुरप्यानं माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. रोटाव्हेटर हेच काम एकरभर करतो, म्हणून लव्हाळा किंवा हरळी असलेल्या शेतात तो चालवूच नये असं ठाम मत आहे. त्यापेक्षा एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळं न फोडता उन्हात पडू द्यावीत.

फोर्क माळ न तोडता उचलतो, हाच त्याचा खरा उपयोग. घेताना दात बघा. इंदूरच्या सियागंज बाजारात हलके, पत्रा वाकवून केलेले फोर्क सहज मिळतात, पण काळ्या मातीत ते पहिल्याच उन्हाळ्यात फाकतात. दात घडीव पोलादाचे, चौकोनी आणि निदान २८ सेंमी लांब हवेत. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५ सेंमीत असल्या तरी काही ३० सेंमीपर्यंत जातात.

फोर्क चालतो तो फक्त वाफशावर. सुक्या काळ्या मातीत दात शिरत नाहीत, ओल्या मातीत चिखल दातांना चिकटून येतो आणि गाठी आतच राहतात. भरपूर पाणी देऊन तीन-चार दिवस थांबा. मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वेळ बरोबर आहे. झुडपापासून वीतभर लांब दात पूर्ण घुसवा, दांडा मागं रेला, माती पलटू नका. ढेकूळ हातात घेऊन झटका आणि तपकिरी तार जिथं जाते तिथं बोटं न्या. गाठ काळपट, केसाळ, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी असते. नखानं चिरली की आत पांढरी निघते आणि उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा वास येतो. पहिल्या खोदाईत या वाफ्यातून दोन घमेली गाठी निघाल्या.

या गाठी कंपोस्टात टाकू नका. खताची 'इंदूर पद्धत' १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरात बसवली, पण घरचा छोटा ढीग तेवढा तापत नाही आणि गाठी खताबरोबर परत वाफ्यात येतात. मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर एकेरी थरात दोन आठवडे पसरा. कापल्यावर आत तपकिरी, कडक दिसली तरच ती मेली. पांढरी असेल तर अजून वाळवा.

खोदल्यावर वाफा सपाट केला, फूटभर खोल ओल जाईल इतकं पाणी दिलं आणि माती उन्हानं तापावी म्हणून दुसऱ्या दिवशी ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक घातलं. कडा १५ सेंमी खोल चरात पुरल्या. एप्रिलच्या मध्यापासून सहा आठवडे. काळं प्लास्टिक मुद्दाम टाळलं : अंधारात लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब ते भोसकून वर येतो. पारदर्शकाखाली त्याला उजेड मिळतो, पानं आतच उघडतात आणि करपतात. २५ मायक्रॉनचं स्वस्त पडतं, पण मे महिन्याच्या वाऱ्यात फाटतं.

निकाल अर्धाच म्हणावा लागेल. बियांपासून येणारं तण पावसात जवळजवळ आलंच नाही. लव्हाळ्याच्या वरच्या गाठी मेल्या, खोलच्या जुलैत फुटल्या. कडेची फूटभर पट्टी नीट तापत नाही, म्हणून प्लास्टिक वाफ्याच्या बाहेरपर्यंत घ्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोंब वर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत नवी गाठ धरायला लागते. त्यामुळे दर १५ दिवसांनी, पाच-सहा पानांच्या आत, फोर्कनं उपटावं लागतं. ऑगस्टमध्ये एक फेरी चुकली, तेवढ्यानं एका कोपऱ्यात पुन्हा दाट लव्हाळा झाला. मोकळ्या जागेत दाट चवळी पेरली, त्याचा फायदा स्पष्ट दिसला. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. नोव्हेंबरमध्ये वाफ्यात तुरळक कोंब राहिलेत, तेही कडेला.

हरळीत काम सोपं झालं, पण फक्त उन्हाळ्यात. पावसात खोदलं तर तुटलेलं प्रत्येक पेर रुजतं. चांदवेलीवर, म्हणजे गव्हातल्या हिरनखुरीवर, फोर्क निरुपयोगी आहे, तिचं मूळ फार खोल जातं.

औषधाचा विचार असेल तर उसात किंवा मक्यात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, तण तीन ते पाच पानांवर असताना. उभ्या सोयाबीनवर किंवा परसातल्या भाजीवर ते मारू नये. ग्लायफोसेट गाठीपर्यंत पोचतं, पण गढूळ पाण्यात कालवलं तर मातीच्या कणांना चिकटून वाया जातं, आणि ऑक्टोबर २०२२च्या केंद्राच्या अधिसूचनेनं त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला. परसबागेत त्याची गरज वाटली नाही.

फोर्कची झीज : एका दाताचं टोक दगडावर वाकलं, ते ठोकून सरळ झालं. मे महिन्यात लाकडी दांडा सुकून खोबणीत हलायला लागला. पाण्यात भिजवून तो दोन दिवसच घट्ट राहतो. पाचर मारून नवा रिव्हेट बसवला आणि दांड्याला जवसाचं तेल दोनदा पाजलं, तेव्हापासून हललेला नाही.