ट्रेडमार्कच्या अर्जाला विरोध येतो आणि एजंट गप्प बसतो

‘फक्त 999 रुपयांत ट्रेडमार्क’ ही जाहिरात पाहून मसाले, पापड, लोणची विकणारे कितीतरी लोक अर्ज करतात. चार दिवसांत अर्ज क्रमांक येतो आणि पाठोपाठ प्रमाणपत्रासारखा दिसणारा एक चकचकीत कागदही. ‘झालं काम, आता नावापुढे गोलातला आर लावा,’ असं फोनवर सांगितलं जातं. काम झालेलं नसतं. अर्ज फक्त दाखल झालेला असतो आणि नोंदणीआधी गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापणं हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 चा भंग आहे. 2024 पर्यंत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता आर्थिक दंड होतो. तोवर नुसतं ‘टीएम’ लावायचं.

पहिला हात इथेच मारला जातो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला (प्रकाराला) 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असलेल्या माणसाकडून 9,000 घ्यायचे, भरायचे 4,500. पावती मागितली की ‘ऑफिसमध्ये आहे, पाठवतो’. पण ही चोरी किरकोळच म्हणायची. मोठी पुढे आहे.

अर्जाच्या वाटेवर दोन अडथळे येतात आणि त्यांची इंग्रजी नावं कानाला सारखीच लागतात. ऑब्जेक्शन म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या परीक्षकाचा आक्षेप. त्याच्या अहवालाला महिनाभरात उत्तर द्यायचं असतं आणि त्यासाठी वेगळी सरकारी फी नसते. अपोझिशन म्हणजे तिसऱ्याच माणसाने केलेला विरोध. आक्षेपातून पार पडलेला अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या साप्ताहिकात, छापला जातो, तिथून चार महिन्यांत कुणीही टीएम-ओ फॉर्म भरून विरोध करू शकतो. ऑनलाइन फी एका वर्गाला 2,700 रुपये. हे चार महिने एका दिवसानेही वाढत नाहीत. साध्या आक्षेपाच्या वेळी ‘तुमच्यावर केस पडली, अपोझिशन आलंय’ असं सांगून 25-30 हजार उकळणारे आहेत. फोन आला की आधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं तर कोर्टकचेरी वगैरे काही नाही. ‘अपोझ्ड’ दिसलं तर मात्र घड्याळ सुरू झालेलं असतं.

आणि ते घड्याळ एजंटच्या टेबलावर असतं, तुमच्या नाही. अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता आणि ईमेल एजंटचा टाकलेला असतो, त्यामुळे विरोधाची प्रत त्याच्याच इनबॉक्समध्ये जाते. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत काउंटर स्टेटमेंट, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दाखल झालं नाही, तर कलम 21 प्रमाणे अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. सुनावणी नाही, कुणी कारण विचारत नाही. 999 वाल्या पॅकेजमध्ये हे काम धरलेलंच नसतं, म्हणून एजंट ते करत नाही. पण तसं सांगतही नाही, कारण सांगितलं तर पॅकेजमध्ये काय नव्हतं ते उघड होईल. वर्षभराने मालक विचारतो तेव्हा उत्तर ठरलेलं: ‘सरकारी काम आहे, वेळ लागतो.’

दुसरा प्रकार याहून बेरकी. दोन महिने संपायला आठवडा उरला की एजंटचा फोन येतो, ‘आजच 30 हजार भरा, नाहीतर नाव गेलं.’ काउंटर स्टेटमेंटची सरकारी फी 2,700 आहे, बाकी वकिलाची मेहनत. मेहनतीचे पैसे द्यायला हरकत नाही, पण अशा घाईत मिळतं काय? दुसऱ्याच अशिलाचा मसुदा. मसाल्याच्या अर्जात चपलांचा उल्लेख निघतो. उत्तर परिच्छेदवार हवं: काय मान्य, काय अमान्य, नाव केव्हापासून वापरतो, विरोधकाचं नाव वेगळं कसं. ‘आम्ही सगळं नाकारतो’ एवढ्या एका वाक्यावर पुढे टिकाव लागत नाही.

पुराव्याच्या टप्प्यावरही हीच गत. आधी विरोधकाने, काउंटर स्टेटमेंट मिळाल्यापासून दोन महिन्यांत, प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा. नसेल द्यायचा तर विरोधाच्या नोटिशीतल्या मजकुरावरच भिस्त आहे असं लेखी कळवायचं. दोन्ही केलं नाही तर त्याचाच विरोध निकालात निघतो. मग अर्जदाराचे दोन महिने, आणि नियम तोच: गप्प बसलात तर अर्ज गेला. लेबलं छापल्याची जुनी बिलं, अन्नपरवाना, तारखेसह पाकिटांचे फोटो, जाहिराती, सालवार विक्रीची बिलं हे सगळं आजच एका फाइलला लावून ठेवलेलं बरं. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

आता विरोधकाच्या बाजूची लबाडी. काही विरोध लढण्यासाठी केलेलेच नसतात. 2,700 रुपये भरून नोटीस ठोकायची, मग मध्यस्थाकरवी निरोप: ‘दोन लाख द्या, विरोध मागे घेतो.’ घाबरून पैसे देऊ नयेत. काउंटर स्टेटमेंट दाखल करा आणि त्याच्या पुराव्याची वाट बघा. असे लोक पुष्कळदा पुरावा देतच नाहीत. खरोखर तडजोड करायची असेल तर लेखी करारावर, आणि विरोध मागे घेतल्याचा अर्ज संकेतस्थळावर दिसल्यावरच पैसे. ‘अँटॉप हिलच्या ऑफिसात (मुंबईच्या नोंदणी कार्यालयात) साहेबांशी सेटिंग आहे’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावा.

एजंट नेमताना तो वकील आहे की नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट, हे विचारा. या दोघांखेरीज फक्त तुमचा स्वतःचा पूर्णवेळ नोकर तुमच्या वतीने काम करू शकतो. वकीलपत्रावर सही करताना त्यात विरोध लढण्याचं काम आहे का आणि त्याचे पैसे किती, हे वाचा. जर्नलमध्ये नाव छापून आलं की पुढे सहा-सात महिने दर सोमवारी, जर्नल निघतं त्याच दिवशी, अर्जाची स्थिती आणि खालची कागदपत्रं स्वतः उघडून बघा. विरोधाची नोटीस तिथे दिसली तर ईमेलची वाट बघायचीही गरज नाही. ती वाचून थेट काउंटर स्टेटमेंट दाखल करता येतं. एजंट बदलायचा तर टीएम-एम फॉर्म आणि नवं वकीलपत्र पुरतं, जुन्याची ना हरकत लागत नाही.

अर्ज आधीच ‘अबँडन्ड’, म्हणजे सोडून दिलेला, दिसत असेल तर आदेशाची तारीख पाहा. पुनर्विलोकनाचा, म्हणजे कार्यालयानेच आदेश पुन्हा तपासावा असा, अर्ज महिनाभरात करायचा असतो, अपील तीन महिन्यांत उच्च न्यायालयात. मुद्दा एकच महत्त्वाचा: नोटीस खरोखर मिळाली होती का? मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं की मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजायची, कार्यालयाने ईमेल पाठवल्याची नोंद पुरेशी नाही. एजंटच्या इनबॉक्समध्ये ती पोहोचली असेल तर मात्र हा आधार उरत नाही. मग नवा अर्ज करायचा. दाखल तारीख नवी पडते, पण वापराची तारीख जुनीच सांगता येते, ती बिलांनिशी, प्रतिज्ञापत्रावर. आणि या वेळी ईमेलच्या रकान्यात स्वतःचा पत्ता.