अमेरिकेत ऑनलाइन विक्री: सेल्स टॅक्सच्या दृष्टीने मार्केटप्लेस बरं की स्वतःची वेबसाइट?

2018 पर्यंत प्रश्न सोपा होता. ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम किंवा नोकर नाही, ते राज्य तुम्हाला कर गोळा करायला लावू शकत नव्हतं. 1992 च्या क्विल खटल्याने तसं ठरवलं होतं. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आता राज्यात ठरावीक रकमेची विक्री झाली की जबाबदारी येते.

अ‍ॅमेझॉन किंवा एट्सीसारख्या मार्केटप्लेसवर विकलंत, तर कर तेच आकारतात, तेच भरतात. सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांत आता तसे कायदे आहेत. सर्वांत शेवटी, 2023 च्या सुरुवातीला, मिझुरीचा लागू झाला. मोबदल्यात कमिशन जातं आणि गिऱ्हाईक तुमचं राहत नाही.

वेबसाइटवर गिऱ्हाईक तुमचं, पण हिशेबही तुमचाच. बहुतेक राज्यांत वर्षाला 1,00,000 डॉलर ही मर्यादा आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये 5,00,000. खरा जाच होतो तो ऑर्डरींच्या संख्येच्या अटीचा. 200 ऑर्डरी झाल्या की नोंदणी करा, असं म्हणणाऱ्या राज्यात 15 डॉलरची वस्तू विकणारा 3,000 डॉलरच्या विक्रीवरच अडकतो. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. साउथ डकोटाने स्वतःच 2023 मध्ये ही अट काढली, इतरही अनेकांनी काढली. सगळ्यांनी मात्र नाही. म्हणून स्वस्त वस्तू भरपूर संख्येने विकणाऱ्याने मार्केटप्लेसच धरावं. महाग आणि मोजक्या वस्तू विकणाऱ्याने वेबसाइटला घाबरू नये.

मर्यादा ओलांडल्यावर मात्र काम किचकट आहे. दर बहुधा माल जिथे पोहोचतो तिथला लागतो: राज्याचा, त्यावर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा), शहराचा. कोलोराडोत काही शहरं आपला कर स्वतःच गोळा करतात. पेनसिल्व्हेनियात रोजच्या वापराच्या बहुतेक कपड्यांवर कर नाही. न्यूयॉर्क राज्याचा कर 110 डॉलरच्या आतल्या कपड्याला माफ आहे. हे हाताने सांभाळायच्या भानगडीत पडू नका, सॉफ्टवेअर घ्या. सेल्स टॅक्सचे नियम सोपे आणि सारखे करण्यासाठी राज्यांनी आपसात केलेल्या ‘स्ट्रीमलाइन्ड’ करारातल्या 24 राज्यांत एकाच अर्जावर नोंदणी होते, एवढा दिलासा आहे.

दोन्हीकडे विकायचा विचार असेल, तर माल कुठे ठेवला आहे ते आधी पाहा. मार्केटप्लेसच्या गोदामातला तुमचा साठा अनेक राज्यं तुमचा तिथला प्रत्यक्ष वावर धरतात. मग वेबसाइटवरून त्या राज्यात गेलेल्या पहिल्याच ऑर्डरीवर कर मागितला जाऊ शकतो, मर्यादेचा आधार राहत नाही. काही राज्यं मर्यादा मोजताना मार्केटप्लेसची विक्रीही धरतात. तेव्हा पहिल्या महिन्यापासून राज्यवार विक्री लिहून ठेवा. आणि सावधगिरी म्हणून नोंदणीआधीच कर आकारायला लागू नका, ते बेकायदेशीर आहे.