व्हेंडरच्या एसडीकेमधली टूलचेन: काही महिने वापरल्यावर काय ठेवलं, काय काढलं

आमचं प्रॉडक्ट म्हणजे पॅकिंग लाइनवर लेबल आणि बॅच नंबर तपासणारा कॅमेरा बॉक्स, आत ३२ बिट कॉर्टेक्स-ए७ आणि लिनक्स. चिपवाल्या कंपनीने, म्हणजे व्हेंडरने, एसडीके (चिपसोबतचा सॉफ्टवेअरचा संच) दिला, त्यात यू-बूट हा बूटलोडर, लिनक्स कर्नल ४.९ आणि तयार क्रॉस टूलचेन, म्हणजे पीसीवर बसून बोर्डसाठी कोड बनवणारा कंपायलर आणि त्याची साधनं, जीसीसी ४.९ कंपायलरवाली. ही जीसीसी सिरीज २०१४ ची, आणि पुढचा बराचसा त्रास तिथूनच सुरू होतो. इतके महिने रोज वापरून माझं मत पक्कं झालंय की कर्नल आणि बूटलोडरसाठी व्हेंडरची टूलचेन ठेवा, रूट फाइलसिस्टम (कर्नलच्या वरचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी) आणि अ‍ॅप्लिकेशन मात्र स्वतःच्या टूलचेनने बिल्ड करा.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. बोर्ड हातात आला त्याच दिवशी सिरियल कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट दिसला. डीडीआर मेमरीचं इनिशियलायझेशन, फ्लॅशिंग, कॅमेरा सेन्सर, सगळं त्यांनी ह्याच कंपायलरवर टेस्ट केलेलं, त्यामुळे हार्डवेअर खराब की सॉफ्टवेअर हा प्रश्नच येत नाही. सपोर्टला मेल टाकला की पहिलं उत्तर हेच येतं, आमच्या टूलचेनने बिल्ड करून लॉग पाठवा, आणि त्यांच्या जागी मी असतो तरी हेच मागितलं असतं. म्हणून कर्नलला हात लावायचा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन उबुंटूवर हा जुना कर्नल बिल्ड करायला गेलात तर डीटीसीमध्ये (कर्नलसोबत येणारं, हार्डवेअरचं वर्णन कंपाइल करणारं टूल) ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायएलओसी’ असा एरर येऊन अडकतं. तो दोष क्रॉस कंपायलरचा नाही, तुमच्या पीसीवरच्या जीसीसीचा आहे, जीसीसी १० पासून नो-कॉमन डिफॉल्ट झालंय, म्हणजे एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत असलं तर चालत नाही. छोटा पॅच आहे, किंवा जुन्या उबुंटूचा डॉकर कंटेनर करून ठेवा, आम्ही कंटेनरच केला.

आता यूजरस्पेस, म्हणजे कर्नलच्या वर चालणारे प्रोग्रॅम. आमचा कोड सी++१७ मध्ये, आणि जीसीसी ४.९ ला ते झेपतच नाही, विषय तिथेच संपतो. पण नवीन कंपायलर उचलला आणि लावला इतकं सोपंही नाही, कारण एन्कोडर आणि इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररी व्हेंडरकडून नुसत्या बायनरी मिळतात, सोर्स नाही, आणि त्या सॉफ्टएफपी एबीआयच्या आहेत (एबीआय म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकमेकांशी कसे बोलतात त्याचे नियम). सॉफ्टएफपी म्हणजे फ्लोटिंग पॉइंटचं गणित एफपीयूवरच (प्रोसेसरमधल्या त्या गणिताच्या खास भागावर) होतं पण फंक्शनला फ्लोट पाठवताना साध्या इंटीजर रजिस्टरमधून जातो. हार्डफ्लोट कोड (जो फ्लोट थेट एफपीयूच्या रजिस्टरमधून पाठवतो) आणि हा कोड एका प्रोसेसमध्ये एकत्र चालत नाही, त्यामुळे स्वतःची टूलचेन बनवतानासुद्धा ईएबीआयच निवडायची, ईएबीआयएचएफ (हार्डफ्लोटवाली) नाही. आमच्याकडे बारकोड डीकोडरची विकत घेतलेली बायनरी हार्डफ्लोट आली होती. बोर्डवर फाइल समोर दिसतेय, परमिशन बरोबर आहे, आणि शेल म्हणतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. जी सापडत नाही ती ही फाइल नसते, तिचा लोडर, म्हणजे तिला मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम, असतो. रीडएल्फ -एल (बायनरीची आतली माहिती दाखवणारी कमांड) चालवलं की इंटरप्रिटरच्या ओळीत एलडी-लिनक्स-आर्मएचएफ दिसतो, आणि बोर्डच्या लिब फोल्डरमध्ये आहे नुसता एलडी-लिनक्स. सप्लायरकडून ईएबीआयची बायनरी मागवली, काम झालं. आता कुठलीही बाहेरची बायनरी आली की आमच्याकडे आधी रीडएल्फ चालतं, मग बाकीचं.

दुसरी गाठ सी++ ची. जीसीसी ५ मध्ये, म्हणजे २०१५ साली, एसटीडी स्ट्रिंगचा एबीआय बदलला. व्हेंडरच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये स्ट्रिंग घेणारी फंक्शन्स आहेत, ती नवीन कंपायलरने लिंक करायला गेलं की ‘सीएक्सएक्स११’ नाव असलेले अनडिफाइन्ड रेफरन्स ढिगाने पडतात. आम्ही मध्ये एक पातळ रॅपर लिहिला, तेवढीच फाइल जुन्या एबीआयसाठी सीएक्सएक्स११ एबीआयचा मॅक्रो शून्य करून कंपाइल होते आणि बाहेर फक्त सी फंक्शन्स देते. महिनोन्‌महिने चालू आहे, एकदाही कुरकुर नाही.

बरेच जण जिथे घाबरतात ती जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, आणि तिथे मला सगळ्यात जास्त समाधान मिळालं. जीलिबसी मागच्यांना सांभाळून घेते. जुन्या जीलिबसीवर लिंक केलेली बायनरी नवीनवर चालते, उलट मात्र नाही. २.३४ मध्ये पीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) मुख्य लिबसीमध्ये आली आणि स्टार्टअपच्या सिम्बॉलचं व्हर्जनही बदललं, त्यामुळे त्यापुढच्या जीलिबसीवर बनवलेला साधा हॅलो वर्ल्डसुद्धा जुन्या बोर्डवर ‘२.३४ नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. म्हणून पूर्ण रूट फाइलसिस्टमच बिल्डरूटने (सोर्सपासून सगळी सिस्टम बांधणारं टूल) नवीन जीलिबसीवर बांधली आणि व्हेंडरच्या जुन्या लायब्ररी तिच्यावर ठेवल्या, व्यवस्थित चालतात. टूलचेन बिल्डरूटचीच इंटर्नल, कर्नल हेडर्स आमच्या ४.९ कर्नलचेच. हेडर्स चालू कर्नलपेक्षा नवीन नकोत, एवढं पाळायचं. बूटलिन कंपनीच्या तयार टूलचेनही उत्तम असतात, वेळ वाचतो, पण आमचा कर्नल जुना म्हणून हेडर्सवर ताबा हवा होता. बिल्डरूट अजून एक उपकार करतं, कुठल्या पॅकेजने चोरून पीसीच्या यूएसआर-इन्क्लूडमधला हेडर घेतला तर बिल्ड तिथेच थांबवतं. व्हेंडरच्या एन्व्हायर्नमेंट स्क्रिप्टमध्ये असली राखण नव्हती.

एक दुखणं टूलचेन बदलूनही गेलेलं नाही. ३२ बिट टाइम (वेळेचे सेकंद मोजणारा आकडा) १९ जानेवारी २०३८ ला संपतो, आमचे बॉक्स कारखान्यात दहा-पंधरा वर्षं राहणार. जीलिबसी २.३४ पासून ६४ बिट टाइम देते, पण ३२ बिट मशीनवर त्याचे सिस्टम कॉल कर्नल ५.१ पासून आलेत आणि आम्ही ४.९ वर. हे फक्त व्हेंडरच सोडवू शकतो.

त्यामुळे पुढच्या चिपसाठी सॅम्पल मागवायच्या आधी मी त्यांच्या इंजिनिअरला थेट विचारतो: बंद लायब्ररी कुठल्या जीसीसीने बनवल्यात, हार्डफ्लोट मिळतील का, एपीआय सी मध्ये आहे की सी++ मध्ये, आणि कर्नल ५.१ च्या पुढचा कधी देणार. उत्तर ईमेलवर लेखी घ्यायचं, फोनवर नाही.