गोधडी की पॅचवर्क? त्यावर ठरतं सामान

क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवणं, शिकायचं मनात आलं की आधी सामानाची यादी होते. माझं म्हणणं, आधी शिवायचं काय ते ठरवा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याची गोधडी, की चौकोन-त्रिकोण जोडून मशीनवर पॅचवर्कची रजई? एकीचं निम्मं सामान दुसरीला लागतच नाही.

कापण्याचंच बघा. गोधडीला कात्री पुरते, तीही नावापुरती. सुती साडीला कडेला छोटी चीर द्यायची आणि टर्रकन फाडायची. कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. पॅचवर्कमध्ये मात्र मिलिमीटरचा हिशेब असतो. शिलाईत जायला कडेचं पाव इंच कापड धरलेलं. दहा चौकोनांच्या ओळीत नऊ शिलाया येतात. प्रत्येक शिलाईत दोन्ही तुकड्यांचा एकेक मिलिमीटर जास्त गेला, तर ओळ 18 मिलिमीटरनं आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळता जुळत नाहीत. तुकडेच वाकडे कापलेले असतील तर बोलायलाच नको.

म्हणून पॅचवर्कवाले रोटरी कटरवर जीव टाकतात. हे गोल फिरणारं पातं जपानच्या ओल्फा कंपनीनं 1979 मध्ये आणलं. पाती 28, 45 आणि 60 मिलिमीटरची मिळतात. पहिल्यांदा 45 घ्या. पण कटर एकटा येत नाही, खाली त्याची मॅट आणि वर जाड ॲक्रिलिकची पट्टी हवीच. शाळेतली पातळ पट्टी वापरू नका, पातं तिच्यावर चढतं आणि पुढे आपलं बोट असतं. मॅट उन्हात ठेवायची नसते, हे मला माझी मॅट खिडकीत पापडासारखी वळल्यावर कळलं. इस्त्रीही तिच्यावर नको. एवढा खर्च आत्ताच नको असेल तर पुठ्ठ्याचा साचा, शिंप्याचा खडू आणि धारदार कात्री यांवर पहिलं दुपटं नक्की निघतं. मात्र त्या कात्रीनं घरात कुणाला कागद कापू देऊ नका.

हाताच्या कामात सगळा जीव सुईत. 'क्विल्टिंगची सुई' म्हणून मिळते ती बिटवीन: आखूड, बारीक. नंबर वाढेल तशी आणखी बारीक. दोन कापडांमध्ये पातळ कापूस असेल तर 9 किंवा 10 नंबर सुरेख चालतो. साड्यांच्या पाच-सहा थरांत मात्र ती वाकते. तिथे लांब, जरा जाड आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या. जाड म्हणून थेट दाभण उचलू नका, ते गोणपाटासाठी. जुन्या मऊ साडीला भोकं पडतील.

अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, दोन्हीकडे लागतं आणि नवशिके नेमकं तेच टाळतात. धातूचं, खळगे असलेलं टिकाऊ. चामड्याचं बोटाला सुखाचं, पण सुईचं मागचं टोक कधीतरी आरपार येतं. मी धातूचंच घेईन. दुकानात मधल्या बोटात घालून हात उलटा करून बघा, पडलं तर एक माप लहान.

मशीनचं फार मनावर घेऊ नका. सरळ टीप नीट पडत असेल तर घरातलं जुनं काळं मशीन पुरे, नक्षीचे टाके लागत नाहीत. पैसे घालायचेच तर वॉकिंग फूटवर, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या खास पायावर घाला. मशीनचे दाते फक्त खालचं कापड पुढे ओढतात, वरचं मागे राहून चुण्या पडतात. हा फूट वरचं कापडही सोबत ढकलतो. घेताना आपल्या मशीनला बसतो ना, ते विचारा.

थर एकत्र धरायला पॅचवर्कवाले वाकड्या सेफ्टीपिना घेतात आणि मध्यापासून बाहेर शिवत जातात. गोधडी बहुधा कडेकडून आत शिवली जाते; तिला कच्चा टाका पुरे, पिनांचा डबा नको.

दोरा सुतीच घ्या. हाताच्या क्विल्टिंगसाठी मिळतो त्या दोऱ्यावर चकाकीचा लेप असतो, तो मशीनमध्ये घालू नका. साधाच दोरा असेल तर मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्या आणि हातभरापेक्षा लांब ओवू नका, गुंतवळ होते.