मटन स्ट्रीटवरची जुनी मॉडेल रेल्वे: परवडणारी, पण पारखून घ्यावी अशी

मॉडेल रेल्वेचा नवा संच परदेशातून मागवायचा म्हटले, की मूळ किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढते आणि पगारदार माणसाचा उत्साह तिथेच मावळतो. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, ग्रामोफोन आणि पितळी दिव्यांच्या दुकानांना खेटून, जुन्या खेळण्यांचे एक लहानसे दुकान आहे. तिथे वापरलेली इंजिने, डबे आणि रूळ सुटे मिळतात, आणि बेताच्या पैशांत हा छंद करू इच्छिणाऱ्याने ते दुकान अवश्य पाहावे, असे माझे मत आहे.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पैसे देण्यापूर्वी इंजिन चालवून पाहता येते. गल्ल्याशेजारी रुळाचा एक तुकडा कायम ठेवलेला असतो आणि मालक त्याला ९ व्होल्टची बॅटरी जोडून देतात. माझ्या हिरव्या ब्रिटिश इंजिनाने प्रथम नुसती घरघर केली, चाके हलली नाहीत; परंतु बोटाने हलकेच ढकलताच ते अडखळत चालू लागले. मोटार शाबूत असून दातेरी चाकांमधले जुने ग्रीस घट्ट झाल्याचे हे लक्षण होते. तेवढ्यावरून किंमत बरीच खाली आली, आणि घरी ग्रीस काढून, चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर इंजिन सुरळीत धावू लागले. जे इंजिन घरघरतही नाही आणि ज्याच्या मोटारीला जळका वास येतो, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

रुळांच्या बाबतीत मात्र खिशात एक लोहचुंबक असू द्यावा. जुन्या स्वस्त संचांतले रूळ बहुधा पोलादी असतात, त्यांना चुंबक चिकटतो आणि मुंबईच्या दमट हवेत ते लवकर गंजतात. निकेल सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या) रुळांना चुंबक चिकटत नाही, आणि दोन पैसे जास्त देऊन तेच घ्यावेत.

दुकानदार १:७६ प्रमाणाचा (म्हणजे खऱ्या गाडीच्या शहात्तराव्या हिश्शाचा) ब्रिटिश ओओ आणि १:८७ प्रमाणाचा, अमेरिकन मॉडेलांत रूढ असलेला एचओ हे दोन्ही प्रकार एकाच खोक्यात टाकतात. दोन्ही १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावतात, हे खरे; पण ब्रिटिश आणि अमेरिकन डब्यांच्या जोडण्या एकमेकींत अडकत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच एक घराणे धरावे. मधोमध टिकल्यांची रांग असलेले मार्कलिन या जर्मन कंपनीचे रूळ आणि त्यांवरची इंजिने स्वस्तात मिळाली, तरी दोन रुळांच्या डीसी (एकदिश विद्युतप्रवाहाच्या) मांडणीत त्यांचा उपयोग नाही, त्यांच्या चाकांमध्ये विद्युतरोधक नसल्याने थेट शॉर्टसर्किट होते.

संचासोबतचा जुना ट्रान्सफॉर्मर फुकट मिळाला तरी मी घेत नाही. अमेरिकेतून आलेले ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावताच जळू शकतात. लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगला डीसी अडॅप्टर, वेग कमीजास्त करणारे लहान सर्किट आणि दिशा बदलण्याचे बटण असे साहित्य सुटे मिळते, आणि एका इंजिनाला ते पुरते. जागेची अडचणही वाटते तेवढी नाही, कारण सर्वांत लहान वळणाचे वर्तुळ पाऊण मीटरच्या आसपास व्यासाचे असते, आणि चार बाय तीन फुटांची प्लायवूडची फळी पलंगाखाली सरकवता येते.

दुकानात बिल मिळत नाही, माल परत घेतला जात नाही, आणि मूळ खोके असलेल्या इंजिनाला मालक संग्राहकांचा भाव सांगतात, जो मला पटत नाही. बिनखोक्याचे डबे मात्र ते मोठ्या मनाने सोडतात, विशेषतः तीन-चार एकदम उचलले तर. चाके सरळ फिरतात की नाही, एवढे पाहून घ्यावे.