पायमोज्यातला ऑक्सिमीटर: सात महिने वापरल्यावर

लेक 32व्या आठवड्यात झाली, वजन 1 किलो 600 ग्रॅम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, 26 दिवस तळपायाला लाल दिव्याची पट्टी आणि उशाशी मॉनिटर. घरी आलो त्या रात्रीची शांतता मला सोसवेना. डॉक्टरांना विचारून मोज्यात बसणारा ऑक्सिमीटर घेतला.

टोचणं नाही, चिकटपट्टी नाही. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश पायावर पडतो, नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा निघतो. जपानच्या ताकुओ आओयागींनी 1974 साली मांडलेलं हे तत्त्व. श्वास मात्र आमचं यंत्र मोजत नाही. तो नर्सताईंनी शिकवला तसाच मोजते: दुपटं बाजूला करून, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण कमी दिवसांची बाळं भराभर श्वास घेतात आणि मध्येच पाच-दहा सेकंद थांबतात. ते चालतं. वीस सेकंद थांबलं किंवा बाळ निळसर पडलं, तर पळायचं.

दुसऱ्याच आठवड्यात पहाटे अडीचला अलार्म. आकडा 83. दिवा लावला तर लेकीचे ओठ गुलाबी, झोपेत चोखणं चालू. पाय मात्र गारढोण, आणि मोजा फिरून सेन्सर घोट्यावर आलेला. पाय चोळून उबदार केला, मोजा नीट बसवला, 97. बहुतेक अलार्म असेच. खोबरेल तेलाने मालिश केली की हमखास मोजा घसरायचा. मग पाय पुसून कोरडा करूनच घालायला लागले. काही तासांनी पाय बदलायचा, नाहीतर वळ उठतात.

चौथ्या महिन्यात सर्दी झाली तेव्हा आधी आईच म्हणाली, "अगं, पोट उडतंय हिचं." मोज्यावर 91 होतं, पाय गरम होता. दवाखान्यातल्या मशीनवर 88 निघालं. तीन दिवस ऑक्सिजन लागला. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. विकत घेतानाच कुणी सांगायला हवं होतं.

पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळासाठी हे घेऊ नका, असंच मी सांगेन. झोपेतला अचानक मृत्यू टाळायला घरचे मॉनिटर वापरू नयेत, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. उताणं झोपवा, सपाट गादीवर, भोवती उशा नकोत.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मोजा बंद करायला सांगितला. पहिल्या रात्री मी तासातासाला उठून तिच्या पोटावर हात ठेवत होते.